२६ गुणांचा खेळाडू १६ वर का येतो?

२३ ऑगस्ट २०१४ रोजी एनबीएमधल्या क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स संघाने केव्हिन लव्ह या पॉवर फॉरवर्डला मिनेसोटाकडून मिळवलं. त्यासाठी क्लीव्हलँडने मोजलेली किंमत मोठी होती. २०१३ आणि २०१४ या लागोपाठच्या दोन वर्षांत नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, सर्वांत पहिल्या क्रमांकावर निवडलेले अँथनी बेनेट आणि अँड्र्यू विगिन्स हे दोन्ही तरुण खेळाडू संघाने देऊन टाकले. मिनेसोटातल्या शेवटच्या हंगामात लव्हची सरासरी होती सामन्यामागे २६.१ गुण आणि १२.५ रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू. लेब्रॉन जेम्स त्याच उन्हाळ्यात मायामीहून क्लीव्हलँडला परतला होता, कायरी अर्व्हिंग तिथे आधीपासून होताच. साहजिकच लोकांनी बेरीज मांडली: आधीच्या हंगामातले लेब्रॉनचे २७.१, अर्व्हिंगचे २०.८ आणि लव्हचे २६.१, म्हणजे तिघांचेच ७४ गुण. प्रत्यक्षात पहिल्या हंगामात लव्हची सरासरी १६.४ गुणांवर आली आणि रिबाउंडही दहाच्या आत गेले. वर्षभर टीका होत राहिली की खेळाडू कमी पडला, सौदा फसला, विगिन्सला उगाच घालवलं. मला वाटतं, त्या वर्षी कमी पडली ती अपेक्षा मांडण्याची रीत. आणि ही चूक बास्केटबॉलमधल्या इतर कुठल्याही जागेपेक्षा पॉवर फॉरवर्डच्या बाबतीत जास्त वेळा होते.

आधी हिशोब पाहू. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो आणि चेंडू हातात आल्यावर २४ सेकंदांत बास्केटकडे फेकावा लागतो. त्यामुळे २०१३-१४ च्या सुमारास एका सामन्यात एका संघाला साधारण ९० ते १०० वेळा चेंडूचा ताबा मिळे. काही वेळा चेंडू हातचा जाई, काही वेळा फाउल होऊन फ्री थ्रो मिळत आणि उरलेल्या ताब्यांतून ८०-८५ शॉट निघत. ही संख्या मैदानावर कोण आहे यावर फारशी अवलंबून नसते. संघात कितीही मोठा खेळाडू आला तरी तो सोबत नवे शॉट घेऊन येत नाही, आहेत त्यातलाच वाटा घेतो. २०१३-१४ मध्ये आपापल्या संघांत लेब्रॉन सामन्याला सुमारे १७.६ शॉट घेत होता, अर्व्हिंग १७.४ आणि लव्ह १८.५. तिघांची बेरीज ५३ च्या पुढे जाते. हे तिघे एका संघात तसेच खेळले असते, तर उरलेल्या सगळ्या खेळाडूंना मिळून तीसएक शॉट राहिले असते. असा संघ चालत नाही. टी-ट्वेंटीत डावाला १२० चेंडूच असतात, म्हणून चार सलामीवीर विकत घेतले तरी चौघांच्या आधीच्या धावांची बेरीज फलकावर लागत नाही, तसंच हे आहे. क्लीव्हलँडमध्ये पहिल्या वर्षी लेब्रॉन १८.५ शॉटवर राहिला, अर्व्हिंग १६.५ वर आला आणि लव्ह १२.७ वर. तिघांच्या गुणांची बेरीज ७४ वरून ६३ च्या आसपास उतरली आणि त्या घसरणीचा जवळजवळ सगळा भार एकट्या लव्हने उचलला. आणि संघ? आदल्या वर्षी ३३ सामने जिंकणाऱ्या क्लीव्हलँडने त्या हंगामात ५३ जिंकले आणि अंतिम मालिका गाठली.

वाटा नेहमी पॉवर फॉरवर्डचाच का कापला जातो, हे समजण्यासाठी ही जागा नीट पाहायला हवी. प्रशिक्षक पाच जागांना एक ते पाच क्रमांक देतात. एक नंबरचा पॉइंट गार्ड चेंडू घेऊन येतो आणि खेळ मांडतो, पाच नंबरचा सेंटर बास्केटखाली उभा राहतो. चार नंबर म्हणजे पॉवर फॉरवर्ड. पूर्वी तोही बास्केटजवळच असायचा, पाठ लावून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटायचा, रिबाउंड खेचायचा. कार्ल मलोन किंवा टिम डंकन यांचा काळ आठवा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तीन गुणांच्या शॉटचं महत्त्व वाढत गेलं, तशी ही जागा बास्केटपासून दूर सरकत गेली. डर्क नोविट्स्कीने सात फुटी खेळाडूही बाहेरून अचूक मारू शकतो हे दाखवलं आणि २०११ मध्ये डॅलसला विजेतेपद मिळवून दिलं. आज चार नंबरच्या खेळाडूने कोपऱ्यात उभं राहून मैदान मोकळं ठेवावं, गार्डला स्क्रीन द्यावी म्हणजे त्याच्या बचावपटूची वाट अडवावी, बचावात सेंटरशी झुंजावं आणि पुढच्याच क्षणी चपळ गार्डच्या पायाशी पाय मिळवावा, अशी मागणी असते. म्हणजे संघात जी कामं उरतात ती त्याच्या वाट्याला येतात. पॉइंट गार्ड नवीन आला तर चेंडू त्याच्या हातात द्यावाच लागतो. पॉवर फॉरवर्डच्या बाबतीत तशी सक्ती नाही. संघात आधीच चेंडू हाताळणारे दोघे असतील, तर तो आपोआप तिसरा होतो. गोल्डन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन २०१७ मध्ये लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला, तेव्हा त्याची सरासरी होती १०.२ गुण. तो संघ विजेता होता आणि ग्रीनवाचून त्या संघाची कल्पना करता येत नाही. या जागेचं मोल गुणांच्या रकान्यात मावत नाही, याहून स्पष्ट उदाहरण मिळणं कठीण.

लव्हकडे परत येऊ. मिनेसोटात आक्रमण त्याच्याभोवती रचलेलं होतं. फ्री थ्रो रेषेच्या टोकाजवळ त्याला चेंडू मिळायचा आणि तिथून पुढचं तो ठरवायचा. २०१० च्या नोव्हेंबरात त्याने न्यूयॉर्कविरुद्ध एकाच सामन्यात ३१ गुण आणि ३१ रिबाउंड घेतले होते. पण त्याच्या सहा वर्षांत मिनेसोटा एकदाही प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीला, पोचला नाही, हे मात्र २६.१ चा आकडा सांगताना कुणी जोडत नव्हतं. क्लीव्हलँडमध्ये त्याचं काम बदललं. लेब्रॉन किंवा अर्व्हिंग चेंडू घेऊन आत घुसत आणि लव्ह बाहेर, बहुतेकदा कोपऱ्यात, तीन गुणांच्या रेषेमागे उभा राही. त्याला सोडून आत मदतीला जावं तर तो बाहेरून मारणार, न जावं तर लेब्रॉनसमोर एकच माणूस उरणार. प्रतिस्पर्ध्याच्या या पेचातून क्लीव्हलँडला सोपे शॉट मिळत, आणि ते गुण लागत लेब्रॉनच्या नावावर. लव्हचं कसब आटलं होतं का? २३ नोव्हेंबर २०१६ रोजी पोर्टलंडविरुद्ध त्याने पहिल्या बारा मिनिटांतच ३४ गुण केले. कसब होतं तसंच होतं, रोज तेवढे चेंडू मिळत नव्हते इतकंच. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. पहिल्या हंगामात क्लीव्हलँडची सुरुवात १९ विजय आणि २० पराभव अशी झाली आणि गाडी रुळावर आली ती जानेवारीत टिमोफे मोझगोव्ह, जे. आर. स्मिथ आणि इमान शंपर्ट आल्यावर आणि लेब्रॉन दुखापतीतून ताजातवाना होऊन परतल्यावर. म्हणजे ५३ विजयांचं श्रेय लव्हला देणं चुकीचं होईल. पण त्याच न्यायाने सुरुवातीच्या २० पराभवांचा दोषही एकट्या त्याच्यावर टाकता येत नाही.

लव्हच्या चार वर्षं आधी हेच सगळं मायामीत घडून गेलं होतं, म्हणून क्लीव्हलँडच्या चाहत्यांना धक्का बसायला नको होता. ख्रिस बॉश टोरंटोचा प्रमुख खेळाडू होता. २००९-१० मध्ये त्याने २४ गुण आणि १०.८ रिबाउंड अशी सरासरी ठेवली. लेब्रॉन आणि ड्वेन वेडसोबत मायामीत आल्यावर पहिल्याच हंगामात ती १८.७ आणि ८.३ झाली. संघाची सुरुवात ९ विजय, ८ पराभव अशी अडखळत झाली, तेव्हा सगळ्यांत जास्त टोमणे बॉशने ऐकले. मग हळूहळू मायामीच्या प्रशिक्षकांना उमगलं की बॉशला सेंटरच्या जागी खेळवलं तर प्रतिस्पर्ध्यांच्या थोराड सेंटरला त्याच्यामागे बाहेर यावं लागतं आणि आतली वाट मोकळी होते. टोरंटोत तीन गुणांचा शॉट क्वचित घेणारा बॉश पुढे तो नियमित घेऊ लागला. २०१२ आणि २०१३ अशी दोन विजेतेपदं आली. २०१३ च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना ज्यांनी पाहिला असेल त्यांना रे ॲलनचा कोपऱ्यातला बरोबरीचा शॉट आठवतो. त्याआधी लेब्रॉनचा हुकलेला शॉट गर्दीत उडी मारून पकडणारा आणि चेंडू ॲलनकडे सरकवणारा बॉश होता. जादा वेळेतला सॅन अँटोनियोचा शेवटचा शॉटही त्यानेच अडवला. दोन दिवसांनी सातव्या सामन्यात बॉशने शून्य गुण केले. मायामी विजेता झाला. केवळ गुणांवर माणूस जोखायचा तर विजेतेपदाच्या सर्वांत मोठ्या रात्री बॉश मैदानावर नव्हताच असं म्हणावं लागेल. तो होता.

तरीही माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका पुरावा डेन्व्हरचा आहे, कारण तिथे एकाच रिकाम्या जागेने दोन खेळाडूंच्या वाटा वेगळ्या केल्या. २०१९-२० मध्ये डेन्व्हर नगेट्सकडे जेरामी ग्रँट नावाचा उत्तम बचाव करणारा फॉरवर्ड होता. सरासरी १२ गुण. त्या हंगामानंतर तो डेट्रॉइटला गेला, तीन वर्षांसाठी ६ कोटी डॉलरवर. डेन्व्हरही तेवढेच द्यायला तयार होता अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. ग्रँटला हवी होती मोठी भूमिका आणि ती मिळाली: पहिल्याच हंगामात त्याची सरासरी २२.३ वर गेली. डेट्रॉइटने त्या हंगामात ७२ पैकी २० सामने जिंकले. इकडे रिकाम्या झालेल्या जागेवर डेन्व्हरने २५ मार्च २०२१ रोजी ऑरलँडोहून एरन गॉर्डनला आणलं, बदल्यात गॅरी हॅरिस, आर. जे. हॅम्पटन आणि ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची एक निवड दिली. गॉर्डन २०१४ च्या ड्राफ्टमधला चौथ्या क्रमांकाचा खेळाडू, डंक स्पर्धांमुळे जगभर माहीत झालेला. ऑरलँडोने त्याच्यात मुख्य तारा शोधला, एका हंगामात त्याने १७.६ ची सरासरी गाठलीही, पण शेवटच्या काळात त्याची नेमबाजी ४४ टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती. डेन्व्हरला आल्यावर उरलेल्या २५ सामन्यांत त्याची सरासरी १०.२ झाली आणि फिनिक्सने दुसऱ्या फेरीत डेन्व्हरला ४-० असं धुतलं. त्या क्षणी मत मांडायचं तर सौदा तोट्याचा दिसत होता. पण त्यात गॉर्डनचा दोष किती? डेन्व्हरचा गार्ड जमाल मरे याचा गुडघा एप्रिलमध्येच गेला होता आणि पुढचा संपूर्ण हंगामही तो बाहेर राहिला. डेन्व्हरचा खरा संघ गॉर्डनसह एकत्र खेळला तो २०२२-२३ मध्ये. सेंटर निकोला योकिच चेंडू धरून उभा राही आणि गॉर्डन बास्केटमागच्या रेषेजवळ दबा धरून असे. बचावपटूची नजर क्षणभर वळली की तो उडी घेई आणि चेंडू नेमका तिथे पोचलेला असे. स्वतः ड्रिबल करत शॉट शोधण्याची गरजच संपली. नेमबाजी ५६.४ टक्क्यांवर गेली, सरासरी १६.३. त्या प्लेऑफमध्ये त्याने ओळीने कार्ल-अँथनी टाउन्स, केव्हिन ड्युरंट आणि लेब्रॉन जेम्स यांना अडवण्याचं काम केलं. अंतिम मालिकेच्या चौथ्या सामन्यात, मायामीच्या मैदानावर, त्याने २७ गुणही केले. डेन्व्हरचं ते पहिलं एनबीए विजेतेपद. ग्रँटचे आकडे वाढले, गॉर्डनचे आधी घटले. संघाच्या दृष्टीने कुणाची निवड सरस ठरली हे वेगळं सांगायला नको. ग्रँटने चूक केली असं मी म्हणणार नाही, आपल्या खेळाची मर्यादा आजमावण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. मात्र गुणांची वाढ म्हणजे मोलाची वाढ, हे समीकरण या जोडीपुढे टिकत नाही.

यावर जाणकार वाचक दोन नावं पुढे करेल: केव्हिन गार्नेट आणि पाउ गसोल. एक आल्याबरोबर संघ पालटला, दुसरा हंगामाच्या मध्यात येऊनही पहिल्या दिवसापासून बसला. मग संयमाचा उपदेश कशाला? गार्नेटचं आधी पाहू. ३१ जुलै २००७ रोजी तो बॉस्टनला आला. बॉस्टनने आदल्या हंगामात २४ सामने जिंकले होते, त्या हंगामात ६६ जिंकले आणि विजेतेपदही. एका हंगामात ४२ विजयांची झेप तोवर कुणीच घेतली नव्हती. पण त्याचे आकडे पाहा. गुण २२.४ वरून १८.८, रिबाउंड १२.८ वरून ९.२, मैदानावरची मिनिटं ३९ वरून ३३ च्या आत. सगळं घटलं. वाढला तो बॉस्टनचा बचाव, लीगमधला सर्वोत्तम झाला, आणि गार्नेटला त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटूचा किताब मिळाला. गुणांचा भार घ्यायला पॉल पिअर्स होता आणि त्याच उन्हाळ्यात आलेला रे ॲलन होता. म्हणजे गार्नेटचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही, ते त्याची सर्वांत जोरदार साक्ष आहे. गसोलचं प्रकरण खरोखर वेगळं आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी तो मेम्फिसहून लेकर्सकडे आला, त्याच्यासह लेकर्सने साखळीतल्या २७ पैकी २२ सामने जिंकले, आणि गुणांची सरासरी १८.९ वरून १८.८, म्हणजे जवळपास तिथेच. कारण जागा मोकळी होती. तरुण सेंटर अँड्र्यू बायनम जानेवारीत जायबंदी झाला होता आणि कोबी ब्रायंटनंतर गुण करणारा भरवशाचा दुसरा माणूस संघात नव्हता. शिवाय फिल जॅक्सनच्या त्रिकोणी आक्रमणात पास देता येणारा उंच खेळाडू लागतोच, आणि गसोलला ते उपजत येत होतं. कोबीवर दोघे-तिघे धावून जात असल्याने गसोलची नेमबाजी ५० टक्क्यांवरून ५९ च्या जवळ गेली. पण त्याच वर्षी अंतिम मालिकेत बॉस्टनने लेकर्सला हरवलं, शेवटचा सामना ३९ गुणांनी, आणि गसोलवर मऊ असल्याचा शिक्का बसला. तो पुसायला दोन वर्षं लागली. २०१० मध्ये त्याच बॉस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात १९ गुण आणि १८ रिबाउंड घेऊन त्याने लेकर्सला सलग दुसरं विजेतेपद मिळवून दिलं. यातून मला दिसतं ते असं की जुळवून घ्यायला किती दिवस लागतील हे खेळाडूच्या मोठेपणावर ठरत नाही, संघात कोणतं काम रिकामं आहे यावर ठरतं.

दुसरा आक्षेप पैशांचा असतो, आणि तो चाहत्यांच्या तोंडी सर्वांत आधी येतो: २६ गुणांची किंमत दिली तर १६ का घ्यायचे? भावना समजण्यासारखी आहे, तिकिटाचे पैसे चाहत्याच्याच खिशातून जातात. पण एनबीएत पगार बाजारात ठरतो, आणि त्यावर पगाराच्या एकूण मर्यादेचा आणि कमाल कराराचा नियम बसलेला असतो. लीगमध्ये उंची, अचूक नेमबाजी आणि रिबाउंड एकाच माणसात असलेले खेळाडू मोजके, म्हणून ते महाग. ही किंमत दुर्मिळतेची असते, त्यात पुढच्या वर्षीच्या गुणांची हमी नसते. आधीच्या आकड्यांकडे पाहूनच पैसे ओतले की काय होतं ते न्यूयॉर्क निक्सने २०१० मध्ये अनुभवलं. अमारे स्टाउडमायरला त्यांनी पाच वर्षांसाठी सुमारे १० कोटी डॉलर दिले. त्याच्या गुडघ्यावर २००५ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली होती, त्याचा जुना संघ फिनिक्स पाच वर्षांची पूर्ण हमी द्यायला तयार नव्हता आणि गुडघ्यांमुळे त्या कराराचा विमाही उतरवता आला नाही. पहिल्या वर्षी त्याने २५.३ ची सरासरी दिली, ओळीने नऊ सामन्यांत तीस-तीस गुण केले, न्यूयॉर्क वेडं झालं. संघाने मात्र ४२ जिंकले, ४० हरले. पुढे शरीराने साथ सोडली. २०१२-१३ मध्ये तो फक्त २९ साखळी सामने खेळू शकला. पहिल्या हंगामाच्या गुणांवर निकाल दिला असता तर स्टाउडमायर यशस्वी आणि लव्ह अयशस्वी ठरला असता. वय आणि गुडघे पाहिले असते तर अंदाज अधिक बरोबर आला असता.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. गुण कमी झाले तरी चालेल, विजय कमी झाले तरी इतर कारणं असतील, वेळ द्या, असं म्हणत गेलं तर एखादा पॉवर फॉरवर्ड फसला हे कधी म्हणायचं? म्हणायला हवंच, आणि म्हणता येतं. शॉट कमी झाले की ते सोपे व्हायला हवेत, म्हणून नेमबाजीची टक्केवारी वाढली पाहिजे. शॉटही कमी आणि टक्केवारीही खाली, हे वाईट लक्षण. दुसरं, प्रतिस्पर्ध्याने त्याला मोकळा सोडून इतरांवर माणसं घातली आणि त्याची शिक्षा प्रतिस्पर्ध्याला झाली नाही, तर तो मैदान मोकळं करत नाही, अडवून बसतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्धी हटकून त्याच्यावर हल्ला चढवू लागले आणि शेवटच्या पाच मिनिटांत त्याला बाकावर बसवावं लागलं, तर सौदा चुकला असं खुशाल म्हणावं. या कसोटीवर लव्ह अनेकदा काठावर आला. २०१६ च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटविरुद्ध त्याच्या डोक्याला मार बसला, एक सामना बाहेर राहावं लागलं, पाचव्या सामन्यात त्याने दोनच गुण केले. तेव्हा त्याच्यावर शंका घेणारे चूक नव्हते. सातव्या सामन्यात त्याने १४ रिबाउंड घेतले आणि शेवटच्या मिनिटात स्टीफन करी समोर एकटा आल्यावर त्याला मोकळा शॉट मिळू दिला नाही. त्या वर्षीचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरलेला करी तीन गुणांच्या रेषेबाहेर नाचत राहिला आणि त्याचा शॉट हुकला. क्लीव्हलँड ९३-८९ ने जिंकला. त्या शहराला कोणत्याही मोठ्या खेळातलं विजेतेपद ५२ वर्षांनी मिळालं, आणि लव्हला ज्यासाठी आणलं होतं ते काम पूर्ण झालं. त्याला दोन हंगाम लागले.

दोन हंगामांची मुदत मी अंदाजाने सांगत नाही, वरची बहुतेक उदाहरणं तिकडेच बोट दाखवतात. बॉशचं पहिलं विजेतेपद दुसऱ्या हंगामात, गॉर्डनचं दुसऱ्या पूर्ण हंगामात, गसोलचं दीड हंगामात. गार्नेट अपवाद. घाईने निकाल देऊ नये याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कहून मिनेसोटाला गेलेला ज्युलियस रँडल. सराव शिबिराच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आला, म्हणजे नव्या साथीदारांसोबत उन्हाळा मिळालाच नाही. सरासरी २४ वरून १८.७ झाली, पहिले काही महिने टीका झाली, आणि वसंतात मिनेसोटा पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत होता. मुंबईकरांना जवळचं वाटावं असं उदाहरण इंडियाना पेसर्सचं. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, ते सॅक्रामेंटो किंग्ज आणि याच पेसर्समध्ये. त्या चमूत नसलेल्या पास्कल सियाकमला पेसर्सने जानेवारी २०२४ मध्ये टोरंटोहून आणलं आणि पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या. पेसर्स वेगाने धावणारा संघ, सियाकम धावणारा उंच फॉरवर्ड, आणि ती जागा रिकामीच होती. गुण २२.२ वरून २१.३, म्हणजे नाममात्र घट. तरी पहिल्या वर्षी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत बॉस्टनने ४-० ने हरवलं. दुसऱ्या वर्षी, २०२५ मध्ये, त्याच फेरीचा सर्वोत्तम खेळाडू सियाकम ठरला आणि पेसर्सने अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली.

म्हणून आपल्या आवडत्या संघाने नवा पॉवर फॉरवर्ड आणला, तर त्याच्या जुन्या सरासरीतून पाचवा ते चौथा हिस्सा आधीच वजा करा. संघात दोन मोठे खेळाडू आधीच असतील तर आणखी थोडा. मग त्याचं वय बघा, दुखापतींचा इतिहास बघा, आणि तो येण्याआधी संघाचं कोणतं काम अडलेलं होतं ते बघा. सामना पाहताना कधीतरी पाच मिनिटं चेंडूवरची नजर काढून त्याला अडवणाऱ्या खेळाडूवर ठेवा. तो त्याला सोडून मदतीला जातो की चिकटून राहतो, एवढं पाहिलंत तरी दुसऱ्या दिवशीच्या गुणफलकापेक्षा जास्त कळेल. आणि फसला की बसला हा निकाल दुसऱ्या प्लेऑफच्या आधी देऊ नका.